वरच्या तोंडाची ऊब

माझं काम हवेचं आहे. नातेवाइकांना हे सांगून सांगून मी थकले. खानदेशातून कुणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं की चहाबरोबर हा प्रश्न येतोच, तू नेमकं करते काय? मी सांगते. जुन्या, बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू करायच्या असतात. माणसं आत उतरवण्याआधी हवा कुठून शिरेल, कुठून बाहेर पडेल, आग लागली तर धूर कोणत्या वाटेने जाईल आणि माणसं कोणत्या वाटेने पळतील, हे आधी ठरवावं लागतं. ते मी ठरवते. पाहुणे मान हलवतात, कप खाली ठेवतात आणि लिफ्टऐवजी जिन्याने उतरताना बायकोला म्हणतात, "हवा भरस म्हने ती, खाणमां." आमचा जिना घुमतो. मला सगळं ऐकू येतं.

त्यांना तरी काय दोष द्यायचा? सुरतेत माणूस एक तर कापडात असतो नाहीतर हिऱ्यात. माझे वडील कापडात होते, पांडेसऱ्याच्या एका रंगाच्या मिलमध्ये. आई घरी साड्यांचे धागे कापायची. भरतकामाच्या मशीनमधून साडी निघते तेव्हा मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात, ते कात्रीने कापायचे. गल्लीतल्या सगळ्या बाया ओट्यावर गठ्ठे घेऊन बसायच्या. दुपारभर कात्र्या चालायच्या, त्याहून जास्त तोंडं चालायची. मी हजीऱ्याच्या एका कारखान्यात धुराचे आणि हवेचे पाइप आखायला लागले, पुढे खाणींच्या कामात आले, आणि सुरतेच्याच पाल भागात लिफ्टवाला फ्लॅट घेतला. आईला मोठ्या कौतुकाने आणलं. तिने जुन्या गल्लीतून साड्यांचा गठ्ठा मागवला आणि बाल्कनीत बसली. महिनाभराने म्हणाली, "वारा झकास शे. पन कोनी येत नही व आठे."

मी तिला टीव्ही मोठा आणून दिला.

आई जाऊन काही वर्षं झाली. आता त्या बाल्कनीत मी बसते, मांडीवर लॅपटॉप घेऊन. शेजारच्या बेन चांगल्या आहेत. लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात, "एकला एकला शुं करो छो?" मी म्हणते, काम. त्या म्हणतात, सरस. मग मजला येतो.

ही खाण तांब्याची होती, उत्तरेकडच्या पहाडात. खूप पूर्वी बंद पडलेली. तिला दोन तोंडं. खालचं नदीजवळ, तिथून गाड्या आत-बाहेर करणार. वरचं गावाच्या डोक्यावर, देवदारांच्या मध्ये, जेमतेम माणूस वाकून शिरेल एवढं. त्यातून आत शिड्या उतरतात. खालच्या बोगद्यात गाडीने पेट घेतला आणि वाट बंद झाली, तर आतल्या माणसांनी शिड्या चढून वरच्या तोंडाने बाहेर पडायचं. पळायला दुसरी वाट असल्याशिवाय मी कोणत्याही बेतावर सही करत नाही. या एका बाबतीत मी फार हट्टी आहे, आणि कचेरीत त्यासाठी बदनामही.

पहिली पाहणी जूनमध्ये झाली. वरच्या तोंडाशी मी आईच्या डब्यातले जरीचे धागे काठीला बांधून धरले, ते सरळ आत ओढले गेले. म्हणजे ताजी हवा वरून शिरतेय, खालून बाहेर पडतेय. म्हणजे खाली आग लागली तर धूर खालूनच निघून जाणार आणि शिड्यांची वाट स्वच्छ राहणार. सगळे खूश. आमचे साहेब म्हणाले, चला, अहवाल पाठवून देऊ.

मी म्हटलं, थंडीत पुन्हा जावं लागेल.

साहेब अस्सल सुरती. त्यांनी हात जोडले. "बेन, हवा तो हवा छे. एमां शियाळो शुं ने उनाळो शुं?"

ही चूक सुरतेतलाच माणूस करू शकतो. आमच्याकडे थंडी म्हणजे उंधियुंचा मोसम. उत्तरायणाच्या सुमारास चार सकाळी स्वेटर घालायचा, तोही कपाटातून काढला म्हणून. कचेरीत एसी बारा महिने एकाच आकड्यावर. पण पहाडातल्या खाणीला ऋतू असतात. आत खोलवर तापमान वर्षभर सारखंच. उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत गार, म्हणून ती जड हवा खालच्या तोंडाने ओघळून जाते आणि वरून नवी शिरते. थंडीत बाहेर बर्फ, आत त्या मानाने ऊब. मग तीच हवा हलकी होऊन वर चढते, वरच्या तोंडाने बाहेर पडते. वारा उलटा फिरतो. तेव्हा खाली आग लागली तर सगळा धूर शिड्यांच्या वाटेने वर येणार, जिथून माणसं पळत असणार. मी साहेबांना हे कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, जाऊन या. जाकीट कंपनीचं घ्या.

जानेवारीत गेले. गावाबाहेरून वर चढताना गुडघ्याएवढा बर्फ होता आणि माझा श्वास माझ्या चष्म्यावर गोठत होता. वरच्या तोंडापाशी पोचले तर तिथे बर्फ नव्हता. ओली माती, हिरवं गवत, आणि पंधरा-वीस बायका तोंडाकडे पाठ करून बसलेल्या. कुणी विणतंय, कुणी डाळ निवडतंय, एकजण दुसरीच्या केसांत तेल घालतेय. पाठीमागून डोंगर संथपणे ऊन श्वास सोडत होता. माझा अंदाज बरोबर निघाला होता. एरवी अशा वेळी मला आनंद होतो.

मी हिंदीत म्हटलं, मला हवा मोजायची आहे, जरा बाजूला व्हाल का? कुणी हललं नाही. मग एकीने हाताला धरून मला आत ओढलं. त्यांची एक रीत होती. जी सगळ्यात शेवटी येईल तिला तोंडाच्या अगदी जवळची जागा द्यायची, कारण ती सगळ्यात गारठलेली असते. बाकीच्यांनी एकेक वीत बाहेर सरकायचं. मला मधोमध बसवलं, यंत्र माझ्याच मांडीवर राहिलं. पाठ शेकायला लागली तेव्हा मला एकदम रडू येईल की काय असं वाटलं. मी आकडे वाचतेय असं दाखवलं.

तेवढ्यात एक म्हातारी आली, काठी टेकत. तिला सगळ्या आमा म्हणत. मला जागा सोडावी लागली आणि सगळ्या हसायला लागल्या. आमा रोज शेवटी येते म्हणे. दाराआडून बघत असते, शेवटची बाई वर गेली की मग ही निघते. आमा म्हणाली, म्हातारीला चढायला वेळ लागतो. आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.

मोजमाप पहिल्याच दिवशी संपलं होतं. ती हवा उघड्यावर बसणाऱ्याला बाधणारी नाही, हेही मी तपासलं. तरी मी रोज दुपारी यंत्र घेऊन वर जात होते. खाणीच्या कंपनीच्या माणसाने विचारलं तर सांगायचे, आकडे पक्के करावे लागतात. खरं कारण असं होतं की माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि त्यांना माझ्याकडून काही नको होतं. असं शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवेना. त्यांनी मला लग्नाचं विचारलं, मी नाही झालं म्हटलं, त्यांनी आपसांत थोडी चर्चा केली आणि विषय तेलाच्या भावाकडे गेला. आमच्या खानदेशात याला दोन तास लागले असते.

आमाचं कुणी नव्हतं. नवरा जाऊन फार काळ झाला, मूल झालं नाही. मी परत निघायच्या आदल्या दिवशी उतरताना तिने माझा दंड धरला होता. म्हणाली, उन्हाळ्यात सोपं असतं, शेतात, अंगणात, कुणी ना कुणी दिसतं. बर्फ पडला की दारं लागतात. मग कुणी कुणाच्या दारात जात नाही, लाकडं जपून वापरायची असतात ना. "ये गरम हवा न होती बेटी, तो जाड़े भर मैं किससे बोलती?"

मला तेव्हाच कळलं होतं की ती हवा मीच बंद करणार आहे.

सुरतेला येऊन मी अनेक दिवस वेगळा मार्ग शोधत बसले. थंडीत धूर शिड्यांच्या वाटेने येऊ नये याला उपाय एकच. खालच्या तोंडाशी मोठा पंखा बसवायचा, त्याने आतली हवा बाहेर ओढायची, म्हणजे बाराही महिने ताजी हवा वरूनच आत शिरेल. वरच्या तोंडातून पुन्हा कधी ऊब येणार नाही. मी तिसरं तोंड काढता येईल का ते पाहिलं. तिथला दगड भुसभुशीत, आतूनच ढासळलेला. शिड्यांची वाट भिंतीने वेगळी करून पाहिली, ती मध्ये एका जागी इतकी अरुंद होती की भिंत आणि माणूस दोघे मावेनात. संगणकाच्या पडद्यावर मी पुन्हा पुन्हा आग लावत होते आणि धूर पुन्हा पुन्हा शिड्यांनी वर चढत होता. साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, उत्तर तर पहिल्याच दिवशी आलं होतं, आता काय शोधताय? मी म्हटलं, खात्री करतेय. ते म्हणाले, तुम्ही एवढी खात्री कधी करत नाही.

मी चिडून त्यांना काहीतरी बोलले. नंतर सॉरी म्हटलं. मग सही केली.

बर्फ वितळल्यावर गावात बैठक झाली. ती माझी मागणी होती. कंपनीच्या लोकांना वाटलं, पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायचं असेल. मी शाळेच्या वऱ्हांड्यात उभी राहून सगळं सांगितलं, हवा कशी फिरते, धूर कसा चढतो, वरची ऊब का बंद होणार. रात्रभर जागून भाषण तयार केलं होतं, त्यातलं निम्मंसुद्धा लागलं नाही. एका बाईने मध्येच विचारलं, आत आमचीच मुलं जाणार ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग फिरवा हवा. यात विचारायचं काय? बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी खट्टू झाले. माझ्याऐवजी त्या तरी भांडतील, असं मला कुठेतरी वाटत होतं.

कंपनीच्या साहेबांनी मोठ्या मनाने विचारलं, त्या जागेच्या बदल्यात काय देऊ? मी घाईघाईने म्हटलं, देवळाजवळ एक मोठी खोली बांधा, मध्ये शेगडी, दुपारभर चालू. मला ती खोली डोळ्यांसमोर दिसत होती. कुठे पाठी टेकतील, कुठे काठ्या ठेवतील, सगळं. बायका आपसांत कुजबुजल्या. मग तीच मघाची बाई म्हणाली, खोली कशाला? म्हाताऱ्यांना तिथवर चालत यायला लावायचं? घरोघर एकेक हीटर द्या, विजेची सोय करा. सगळ्यांना ते पटलं. मी आमाकडे बघितलं. तिलाही पटलं होतं. घरात बसल्याबसल्या ऊब मिळणार असेल तर कोण नाही म्हणेल? मी फ्लॅट घेतला तेव्हा आईसुद्धा नाही म्हणाली नव्हती.

पुढच्या थंडीत पंखा चालू झाल्यावर तपासणीला गेले. काम चोख झालं होतं. वरच्या तोंडाला जाळीचं दार, आतून सहज उघडणारं. गार हवेने शिड्यांवर बर्फ धरू नये म्हणून आत जाणारी हवा तापवायचं यंत्र दाराच्या आतल्या बाजूला बसवलेलं. धागे काठीला बांधून धरले, ते आत ओढले गेले, जानेवारीत. त्या तोंडाभोवती पूर्वीसारखंच गवत असेल असं मला उगाच वाटलं होतं. तिथे बर्फ होता आणि त्यावर माझी एकटीची पावलं.

खाली गावात दारं लागलेली. धुराड्यांतून धूरही नव्हता, हीटर होते ना. आमाच्या दारावर थाप मारली तर आतून "कौन?" असं इतक्या जोरात आलं की मी दचकले. दार उघडून ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मला आत घेतलं, हीटर माझ्याकडे वळवला, चहा टाकला. मी विचारलं, ऊब पुरते ना? ती म्हणाली, खूप. पाय दुखायचे थांबले. मी विचारलं, बाकीच्या? ती म्हणाली, सगळ्या मजेत आहेत, आपापल्या घरी. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मी उठले तेव्हा ती म्हणाली, अजून एक कप घे. तो संपल्यावर म्हणाली, अजून एक. तीन कप चहा पिऊन मी तिला माझा नंबर दिला. दुसरं काय देणार होते?

मी सुरतेला पोचले त्याच दिवशी दुपारी फोन आला. आमा काही खास बोलली नाही. पोचलीस का, जेवलीस का. मग गप्प. मी म्हटलं, ठेवू? ती म्हणाली, नको, राहू दे. मी फोन स्पीकरवर टाकून बाल्कनीत टेबलावर ठेवला आणि काम करत बसले. पलीकडून विणायच्या सुया वाजत होत्या, हीटरची बारीक घरघर येत होती. मधूनच ती काहीतरी बोले, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलाला खाणीत नोकरी लागली. मी माझ्याकडचं सांगे, खालच्या भाजीवाल्याचं भांडण, साहेबांचा नवा कुत्रा. मग पुन्हा दोघी गप्प.

रोज येऊ लागला तो फोन. दुपारी, ज्या वेळी त्या सगळ्या वर जाऊन बसायच्या त्याच वेळी. मी त्या वेळेत कुठली मीटिंग ठेवत नसे. साहेबांनी विचारलं तर सांगायचे, साइटवरून फोन असतो. खोटं नव्हतं ते. सुट्टीच्या दिवशी मी तो फोन आल्यावरच ताट वाढून घेत असे. आईनंतर पहिल्यांदा त्या घरात माझ्या जेवणाकडे कुणाचं तरी लक्ष होतं. म्हातारीची सोय करतेय, असं मी स्वतःला सांगायचे. एकटी आहे बिचारी, आपण हवा काढून घेतली, आपण एवढं तरी करावं. मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

फेब्रुवारी गेला, मार्चमध्ये फोन एखाद-दोन दिवस चुकायला लागले. मग आठवडाभर आला नाही. मी घाबरले. तिच्या वयात काहीही होऊ शकतं, आणि मला कळवणार कोण? एका दुपारी न राहवून मीच लावला. सुरतेत तेव्हा उन्हाने रस्ते ओस पडलेले, खिडक्या-दारं बंद, एसी चालू. बराच वेळ रिंग वाजली. मग एकदम कलकलाट ऐकू आला. बायका हसत होत्या, कोंबड्या, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. त्यातून आमाचा आवाज आला, मोठा, घाईचा. "हाँ बेटी? सब ठीक?"

मी म्हटलं, फोन नाही आला म्हणून लावला.

ती हसली. म्हणाली, आता ऊन पडतंय ना, सगळ्या बाहेरच बसतात, माझ्या अंगणात. आजच सगळं लोकरीचं धुवायला काढलंय. मागून कुणीतरी तिला ओरडलं, तिने त्यांना उत्तर दिलं, ते मला कळलं नाही. मग माझी आठवण येऊन म्हणाली, "जाड़े में करूँगी बेटी, तब तो फुरसत ही फुरसत रहती है."

मी म्हटलं, हो, करा. सावकाश करा.

तिने फोन ठेवला. मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग नुसतंच खूप एकटं वाटलं. थंडीला किती महिने आहेत ते मी बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. अजून एप्रिलच चालू होता.